बरणीतले घोडे

तिला सगळे घारताई म्हणत. हे नाव पहिल्यांदा कोणी दिलं ते कोणालाच आठवत नव्हतं, पण का दिलं ते तिच्याबरोबर एकदा पाण्याखाली उतरलेल्या माणसाला सांगावं लागत नसे. वीस मीटर खोल, जिथे लाल रंगसुद्धा राखाडी दिसायला लागतो, तिथे पंख्यासारख्या प्रवाळाच्या एखाद्या फांदीवर तांदळाच्या दाण्याएवढी कोळंबी बसलेली असायची. घारताई तिच्याजवळ धातूची बारीक काडी नेऊन थांबायची. पाहुणा बघायचा आणि काही दिसत नाही म्हणून मान हलवायचा. ती काडी तसूभर पुढे सरकवायची. मग मास्कमागचे डोळे मोठे व्हायचे आणि त्या माणसाच्या तोंडातून बुडबुड्यांचा लोट निघायचा. त्या बुडबुड्यांवर तिने बावीस वर्षं काढली होती.

बेटावर डायव्हिंगची चार दुकानं होती, त्यातलं हे सगळ्यात जुनं. पत्र्याची शेड, दोरीवर वाळत घातलेले रबरी सूट, सिलिंडरमध्ये हवा भरणाऱ्या यंत्राची घरघर आणि दारात एक फळा. आज खाली काय काय दिसलं ते रोज दुपारी त्या फळ्यावर खडूने लिहायचं. मालक स्वतः एके काळी उत्तम डायव्हर होते. कानाचा पडदा फाटला आणि ते कायमचे जमिनीवर आले. तेव्हापासून साधं बोलणंही मोठ्या आवाजात करायचे. घारताईचा नवरा याच दुकानाची बोट चालवायचा. तो स्वतः कधी पाण्याखाली गेला नव्हता. ती म्हणायची, "अहो, एकदा तरी खाली या. मी काय बघते ते बघा." तो म्हणायचा, "पाण्यावरचं माझं, पाण्याखालचं तुझं. वाटणी झालीये ना? मग कशाला उगाच हद्द ओलांडायची." बावीस वर्षं हे असंच चाललं होतं.

मग समुद्र तापला. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात पंधरा मीटरवरही सुटात घाम आल्यासारखं वाटायला लागलं. प्रवाळ आधी पांढरं पडलं, चुना फासावा तसं. पाहुण्यांना ते फार आवडलं. त्यांनी फोटो काढले आणि वर येऊन म्हणाले, काय सुंदर पांढरंशुभ्र आहे सगळं. घारताई सिलिंडर उतरवायला लागली. पुढच्या दोन महिन्यांत त्या पांढऱ्यावर तपकिरी बुरशीसारखं शेवाळ चढलं. नंतर फांद्या मोडून खाली पडल्या आणि मासे एकेक करून निघून गेले.

कलता खडक म्हणून एक जागा होती. तिथे समुद्रघोड्यांची एक जोडी राहायची. पिवळी, गुळगुळीत, अंगठ्याएवढी. रोज सकाळी नर आणि मादी एकमेकांकडे यायचे, शेपटीत शेपटी अडकवून थोडा वेळ गोल फिरायचे आणि पुन्हा आपापल्या फांदीवर जायचे. घारताईला त्यांचं वेळापत्रक आपल्या घरच्यासारखं पाठ होतं. एक दिवस मादी आली नाही. नर अकरा दिवस त्याच फांदीला धरून होता. बाराव्या दिवशी फांदीच नव्हती.

त्यानंतर फळ्यावर लिहायला फारसं काही उरलं नाही. पाहुणे वर यायचे आणि पाणी छान होतं म्हणायचे. जेवायला बोलावलेल्या माणसाने ताटाचं कौतुक करावं, तसं.

एके दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मालकांनी तिला मागच्या खोलीत बोलावलं. सिलिंडरच्या रांगेपुढे स्टुलावर एक मोठी प्लास्टिकची बरणी होती. छोटा पंप तिच्यात बुडबुडे सोडत होता. आत पाच समुद्रघोडे होते, काळपट, अंगावर काटे असलेले. धरायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी एकमेकांच्याच शेपट्या धरल्या होत्या.

"कुठून आणले?"

"शहरातून. लोक घरात काचेच्या टाक्या ठेवतात ना, त्यांच्यासाठी पैदास करतात. कागदपत्रं आहेत सगळी."

"मग इथे कशाला?"

मालकांनी मान खाजवली. "पहिल्या बोटीच्या आधी तू खाली जायचं आणि यांना कलत्या खडकाशी सोडून यायचं. शेपटीने धरून बसतात, कुठे जात नाहीत. मग पाहुण्यांना घेऊन जायचं आणि... सापडवायचे."

"सापडवायचे."

"तुझ्यासारखं कोणाला जमणार? लोकांचा तुझ्या डोळ्यांवर विश्वास आहे."

"तिथेच तर घोडं पेंड खातंय, मालक."

ते हसले, पण हसू फार टिकलं नाही. खाली स्टुलाकडे बघत, त्यांच्या मानाने अगदी हळू आवाजात म्हणाले, "काल बोटीवर एक बाई रडली. नवऱ्याला म्हणत होती, एवढ्या लांब आलो आणि खाली नुसती राख. घारताई, मला अजून एक-दोन वर्षं दुकान उघडं ठेवायचंय. तोवर कोण जाणे, प्रवाळ परत येईलही."

"येईल?"

"तूच सांग. खाली तू जातेस."

तिने बरणी उचलली.

घोडे सोडायचं काम वाटलं तितकं सोपं नव्हतं. आधी एकमेकांत गुंतलेल्या शेपट्या सोडवायच्या. सोडवलेला घोडा लगेच तिच्या बोटाला विळखा घालायचा. ते बोट प्रवाळाच्या मेलेल्या फांदीजवळ नेऊन त्याने आपण होऊन फांदी धरेपर्यंत थांबायचं. शेवटचा नेहमी जास्त वेळ घ्यायचा. मग वर यायचं, कपभर चहा घ्यायचा आणि पाहुण्यांबरोबर पुन्हा खाली. शोधल्यासारखं करत आधी डावीकडे जायचं, मग उजवीकडे, मध्येच एका भोकात डोकावायचं. आणि मग काडी.

बुडबुडे पुन्हा निघायला लागले. फळ्यावर 'समुद्रघोडे' हा शब्द आला. मालकांचा आवाज पूर्वीसारखा चढला. पाहुणे तिचा हात हातात घेऊन म्हणायचे, तुमची नजर म्हणजे कमाल आहे. खोटं नव्या चपलेसारखं असतं. पहिले काही दिवस चावतं, मग पायात आहे हेही विसरायला होतं.

विसरायला होत नव्हती ती एकच गोष्ट. टाकीत वाढलेल्या त्या घोड्यांना शिकार येत नव्हती. त्यांना हाताने टाकलेली मेलेली कोळंबी ठाऊक होती. त्यामुळे तिचा हात जवळ आला की पाचही जण नळीसारखी तोंडं वर करून वाट बघायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी एखादा वाळूवर आडवा पडलेला असायचा, बाकीचे वाहून गेलेले असायचे. दर आठवड्याच्या बोटीने नवी बरणी यायची.

हंगाम अर्धा संपला तेव्हा सर आले. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेला उंच, किडकिडीत माणूस. आधी अकरा वर्षं ते दरवर्षी यायचे, दहा दिवस राहायचे आणि रोज जे दिसेल ते वहीत लिहायचे. तारीख, खोली, पाण्याचं तापमान, प्राणी, संख्या. मागची दोन वर्षं आजारपणामुळे त्यांचं येणं झालं नव्हतं.

घारताईने त्यांनाही कलत्या खडकाशी नेलं. दुसरं कुठे नेणार? काडी नेली, थांबली. सर बघत राहिले. त्यांच्या तोंडातून बुडबुडे नेहमीच्याच संथपणे निघत होते. त्यांनी हात पुढे केला तसा घोड्याने तोंड वर केलं. सरांनी हात मागे घेतला आणि तिच्याकडे पाहिलं. वर येताना पाच मीटरवर दोर धरून तीन मिनिटं थांबायचं असतं. ती तीन मिनिटं दोघं समोरासमोर लोंबकळत होते. पाण्याखाली बोलता येत नाही याचं तिला त्या दिवशी बरं वाटलं.

शेडमध्ये गोड्या पाण्याच्या टबात सामान धुताना सर तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"ताई, तो इथला नाही."

तिने हातमोजा पिळला.

"आपले पिवळे होते, गुळगुळीत. याच्या अंगावर काटे आहेत. आणि समुद्रातलं जनावर माणसाच्या हाताकडे खाऊ मागायला येत नाही."

"नाही येत."

"किती दिवस जगतो?"

"चार. फार तर पाच."

"आणि आपले?"

"त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, सर. आधी मादी गेली."

सर बाकावर बसले. त्यांच्या सुटातून पाणी गळत होतं. "मला दोन ओळी तरी लिहायच्या होत्यास."

"काय लिहिणार होते?"

सरांनी सुटाची चेन खाली ओढली. म्हणाले, "उद्या मला खरं दाखव. जिथे जिथे काय काय होतं, तिथे सगळीकडे ने. मध्ये काही सोडू नकोस."

दुसऱ्या दिवशी दोघंच गेले. बावन्न मिनिटं ते शोधत होते. घारताईने बावीस वर्षांची विद्या पणाला लावली. प्रत्येक कपार पाहिली, प्रत्येक मोडक्या फांदीखाली काडी घातली. गाळ चाळत लोळणाऱ्या दोन समुद्रकाकड्या दिसल्या. वाळूतल्या बिळाशी एक चिमुकला मासा पहारा देत बसला होता. शेवाळाच्या टीचभर तुकड्यावर हक्क सांगणारा एक काळा मासा दोघांच्या मास्कवर धावून आला. पंख्यासारख्या प्रवाळाच्या एका फांदीला सरांचा कोपर लागला आणि ती भिजल्या बिस्किटासारखी तुटली. शेवटी त्यांनी पाण्याखाली लिहायच्या पाटीवर लिहिलं: पुरे.

बोटीवर त्यांनी वहीत सगळं उतरवलं. तापमान एकतीस. समुद्रकाकडी दोन. समुद्रघोड्यापुढे शून्य काढताना त्यांनी पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं. धक्क्यावर उतरल्यावर म्हणाले, "मी आता येणार नाही. मालकांना सांग, गुडघ्यामुळे." त्यांनी कोणापाशीही काही वाच्यता केली नाही. उरलेले सात दिवस खोलीतच बसून काढले आणि गेले.

वहीत शून्य पडलं त्याच संध्याकाळी घारताईने मालकांना सांगितलं, "यापुढे बरणी मी नेणार नाही."

मालक चिडले नाहीत. तेच तिला जास्त लागलं. ते म्हणाले, "मग कोण नेणार?" आणि तिच्या उत्तराची वाट बघत बसले. दाराशी दोर गुंडाळत उभा असलेला तिचा नवरा म्हणाला, "मी नेईन."

"तुम्ही?"

"दुकान बंद पडलं तर बोट तरी कोणाची चालवू?"

"तुम्हाला डायव्हिंग येत नाही."

"मग शिकव."

एकावन्न वर्षांच्या नवऱ्याला तिने नऊ दिवसांत शिकवलं. छातीएवढ्या पाण्यात गुडघ्यांवर बसवून श्वास घ्यायला, मास्कमधलं पाणी काढायला, कान मोकळे करायला. तो शहाण्या विद्यार्थ्यासारखा सगळं ऐकायचा, कधी उलटून बोलला नाही. नवव्या दिवशी ती त्याला कलत्या खडकाशी घेऊन गेली. तो तिच्या दंडाला धरून होता. त्याने चहूकडे मान फिरवून पाहिलं. तपकिरी ढिगारा, त्यावर तरंगणारा गाळ, वर हिरवट उजेड.

वर आल्यावर बोटीची शिडी धरून त्याने मास्क कपाळावर सरकवला. "हेच का ते?"

"हेच."

"तू रोज घरी येऊन सांगायचीस, ते हेच?"

"जागा हीच."

"मला वाटलं होतं..." तो म्हणाला.

तिला त्याचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदाच इतका आला असेल. "बावीस वर्षं बोलावत होते," ती म्हणाली. "वरातीमागून घोडं घेऊन आलात."

त्याने शिडीवरचा हात बदलला आणि खाली पाण्यात पाहिलं. म्हणाला, "डावीकडे ते मोठं काय होतं, पडलेलं?"

मग तिने सांगितलं. शिडीला धरून, अर्धं अंग पाण्यात, तिने त्याला एकेक सांगितलं. तिथे टेबलासारखं प्रवाळ होतं, त्याखाली दुपारी कासव झोपायचं. त्या फटीत ऑक्टोपस होता, तो दारात शिंपले रचून ठेवायचा. वाळूत चपटा पाकट मासा पुरलेला असायचा, नुसते डोळे वर काढून. तो ऐकत होता आणि ती दाखवेल तिकडे, नुसत्या पाण्याकडे, बघत होता.

त्यानंतर घारताई शेडमध्ये सामान धुवायला आणि नव्या लोकांना कागद भरून द्यायला राहिली. पाहुण्यांना दुसरा गाईड न्यायचा. नवी बरणी आली की सकाळी नवरा ती घेऊन खाली जायचा. ती विचारायची नाही आणि तो सांगायचा नाही. फळ्यावर खडू मात्र रोज चालायचा.

महिन्याभराने तो दुसरा गाईड तापाने पडला. बोट भरली होती. मालकांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि ती सूट चढवायला गेली. खाली गेल्यावर तिने पाहुण्यांना सवयीने डावीकडे, उजवीकडे फिरवलं आणि काडी पहिल्या घोड्याजवळ नेली. नेल्यावर तिला दोरा दिसला. मासे धरायचा पारदर्शक नायलॉनचा दोरा. एक टोक फांदीला आणि दुसरं घोड्याच्या मानेखाली. जिथे तो घट्ट बसला होता तिथली कातडी पांढरी पडून फाटली होती. पाण्याच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर दोरा आत जात होता. पाचांतले तीनच उरले होते, बाकी दोघांचंही तेच. पाहुण्यांचे बुडबुडे चालू होते, कॅमेऱ्यांचे उजेड पडत होते. सगळ्यांचे फोटो होईपर्यंत ती काडी धरून थांबली.

दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात ती एकटी परत गेली. एकटीने जायचं नसतं, हे तिनेच शेकडो लोकांना शिकवलं होतं. तिने तिन्ही दोरे कापले. एक घोडा दगडासारखा खाली गेला. एक प्रवाहाबरोबर आडवा होत दिसेनासा झाला. तिसऱ्याने तिच्या बोटाला विळखा घातला आणि तोंड वर केलं. त्याला द्यायला तिच्याकडे काही नव्हतं. हवेचा काटा लाल पट्ट्यात जाईपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग शेपटी एकेक वेढा करत सोडवली, त्याला एका दगडाशी ठेवलं आणि वर आली.

दुपारी घरी नवरा स्टोव्हपाशी होता. ती दारातच उभी राहिली.

"दोरा बांधलात?"

त्याने मागे वळून पाहिलं नाही. "बांधला."

"मान कापली जात होती त्यांची."

"तुझ्यासारखं माझ्या हाताला कळत नाही गं. मी सोडले की वाहूनच जायचे. पाहुणे रिकामे वर आले की मालक माझ्या तोंडाकडे बघत बसायचे." त्याने स्टोव्ह बारीक केला. "पहिल्या दिवशी बांधलेला दोरा मी दोनदा सोडला. नंतर नाही सोडला."

"मी कापले दोरे."

"बरं केलंस." मग ताटं काढता काढता, "जगतील?"

"नाही."

त्याने दोन ताटं वाढली. दोघं जेवायला बसली, आणि वाढलेलं तसंच राहिलं.

एका पाहुण्याने मागाहून आपले फोटो मोठे करून पाहिले आणि त्याला दोरा दिसला. त्याने तो फोटो इंटरनेटवर टाकला. पंधरा दिवसांत तो कुठल्या कुठे पोचला. येणाऱ्यांनी येणं रद्द केलं. दुकानाच्या दारावर कोणीतरी रंगाने शिवी लिहिली. मालकांनी ती स्वतः घासून काढली आणि त्याच आठवड्यात दुकान बंद केलं. नवरा-बायकोला त्यांनी एका शब्दानेही दोष दिला नाही. हवा भरायचं यंत्र दुसऱ्या बेटावर गेलं, सूट मिळेल त्याला देऊन टाकले. निघताना मालक घारताईला म्हणाले, "माझं चुकलंच. पण काय केलं असतं तर बरोबर झालं असतं, ते मला अजून कळलेलं नाही." मोठ्या आवाजात म्हणाले, त्यामुळे धक्क्यावरच्या सगळ्यांना ऐकू गेलं.

आता दोघंही मोठ्या हॉटेलात आहेत. नवरा पाहुण्यांच्या बॅगा आणणारी लाँच चालवतो. घारताई पोहण्याच्या तलावात लोकांना सिलिंडर लावून श्वास घ्यायला शिकवते. तलाव चार मीटर खोल आहे, तळाला निळ्या फरश्या आहेत. तिथे शिकलेले लोक पुढे विमानाने दुसऱ्या कुठल्या तरी समुद्रावर जातात, जिथे अजून काही शिल्लक आहे असं त्यांनी ऐकलेलं असतं. कोणी विचारतं, इथल्या समुद्रात काय दिसतं हो? ती म्हणते, पाणी स्वच्छ असतं. औषधाच्या पाण्याने तिचे डोळे संध्याकाळपर्यंत लाल होतात. फरश्यांच्या कोपऱ्यातली केसांची पिन, सुटलेली बोटाची पट्टी तिला अजूनही सगळ्यांच्या आधी दिसते.

समुद्रात ती परत उतरली नाही. उतरतो तो नवरा. सुट्टीच्या दिवशी जुना मास्क लावून धक्क्याच्या खांबांपाशी डोकं पाण्यात घालून तास-तासभर तरंगत राहतो. परवा दुपारी घरी आला तो ओल्या केसांनीच तिच्यासमोर बसला.

"तिसऱ्या खांबाला एक खेकडा होता," तो म्हणाला. "पाठीवर शेवाळ वाढलेलं. मी आधी दगडच समजलो. मग डोळे हलले त्याचे." आणि डोळे कसे हलले ते त्याने दोन बोटं उभी करून दाखवलं. मग तो पाय कसे टाकत होता, फटीत कसा मागे मागे सरकला, तेही.

पूर्वी त्या जातीचे खेकडे इतके असायचे की खांबाला हात लावताना जपावं लागायचं. ती पाहुण्यांना ते कधी दाखवतही नसे.

"हो का," ती म्हणाली. "मोठा होता?"

"एवढा," तो म्हणाला, आणि तिला दिसावं म्हणून त्याने तळहात तिच्यापुढे धरला.